आमच्या मेंदूचा अर्थ आमच्या बोलीत लागू द्या

पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाच्या मेंदूवर इलेक्ट्रोडची पातळ पट्टी बसवायची, तो बोलू पाहतो तेव्हा उठणारे विद्युतसंकेत टिपायचे आणि त्यांतून त्याच्या मनातले वाक्य पडद्यावर उमटवायचे, हे आता प्रत्यक्षात घडते आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एडवर्ड चँग यांच्या गटाने २०२१ मध्ये अशाच एका माणसाचे पन्नास शब्द ओळखून दाखवले. त्याला विशीत स्ट्रोक झाला होता. घरची भाषा स्पॅनिश. इंग्रजी तो आजारानंतर शिकला. २०२४ मध्ये त्याच गटाने त्याच माणसासाठी दोन्ही भाषा चालतील असे यंत्र केले. स्पॅनिश बोलायचे की इंग्रजी, हे त्याला आधी सांगावे लागत नाही. यंत्रच ओळखते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या वाचकाने ही बातमी सावकाश वाचावी असे मला वाटते, कारण एका तोंडात दोन-तीन भाषा नांदवणारी माणसे म्हणजे आपणच. त्या संशोधनात एक सुखद गोष्ट निघाली. ओठ, जीभ, जबडा हलवण्याचे मेंदूतले आदेश दोन्ही भाषांसाठी बरेचसे एकाच जागेतून सुटत होते, त्यामुळे एका भाषेवर शिकवलेले यंत्र दुसरी भाषा झटपट शिकले. पण भाषा ओळखण्याची रीत नीट पाहिली पाहिजे. मेंदूचा संकेत अस्पष्ट असतो. त्यातून अनेक शब्द संभवतात. मग स्पॅनिशचे आणि इंग्रजीचे अशी दोन भाषा-मॉडेल त्या शक्यतांतून आपापले सर्वांत संभाव्य वाक्य जुळवतात, आणि ज्याचे गुण जास्त ते वाक्य पडद्यावर येते. पडद्यावरचे वाक्य म्हणजे थोडा त्या माणसाचा मेंदू आणि थोडा मॉडेलने आधी वाचलेल्या लाखो वाक्यांचा अंदाज.

आता कंग्राळीच्या किंवा येळ्ळूरच्या एखाद्या म्हाताऱ्याला हेच यंत्र लावले आहे असे समजा. त्याच्या मनात ‘मी उद्या येऊलालोय’ असे वाक्य आहे. छापील मराठीवर वाढलेल्या मॉडेलला ते वाक्य असंभाव्य वाटणार, कारण तसे क्रियापद त्याने कुठे वाचलेलेच नाही. कन्नडचे मॉडेल शेजारी असेल तर तेही ओढ घेणार. जास्त गुण मिळवून जे वाक्य बाहेर पडेल ते व्याकरणशुद्ध असेल, घरच्यांना कळेलही, पण ते त्या म्हाताऱ्याचे असेलच असे नाही. आणि ‘हे मी म्हटले नव्हते’ असे सांगायला त्याच्याकडे दुसरे तोंड नाही.

माझे म्हणणे असे आहे. मेंदूच्या संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता यावी, आमच्या जिल्ह्यांत लवकर यावी, आणि आमची माणसे त्यात रुग्ण म्हणून व स्वयंसेवक म्हणून असावीत. पण संमती त्या माणसाच्या बोलीत घ्या आणि मोजमापही त्याच्याच बोलीत करा. या दोन गोष्टी होत नसतील तर आमच्या मेंदूची माहिती आम्ही देऊ नये.

या तंत्रज्ञानाला भिऊन दूर ठेवावे असे म्हणणाऱ्यांत मी नाही, आणि त्याला कारण आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा हाताने काढणे कुणाच्याही आयुष्यात बसणारे काम नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातल्या कोट्यवधी जोडण्या. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांतून पेशी वेगळ्या करण्याचे काम यंत्राने केले, चुका माणसांनी दुरुस्त केल्या. त्याच वर्षी हार्वर्ड आणि गुगलच्या संशोधकांनी मानवी मेंदूच्या एका घन मिलिमीटर तुकड्याचा, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान भागाचा, नकाशा दिला. त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी जोडण्या निघाल्या. मद्रासच्या आयआयटीने गर्भातील मेंदूच्या ५,१३२ छेदांची त्रिमितीय चित्रे ‘धरणी’ या नावाने जगाला खुली केली. अपस्मार, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश यांच्या मुळाशी जायचे असेल तर एवढ्या चित्रांचा ढीग उपसणारे यंत्र लागणारच.

पण आमच्याकडे या बुद्धिमत्तेचा पहिला उपयोग इतका सूक्ष्म नसेल. तो स्ट्रोकचा असेल. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातली गवाळी, कोंगळा, आमगाव ही गावे ज्यांना माहीत आहेत त्यांना या साडेचार तासांचा अर्थ वेगळा सांगायला नको. पावसाळ्यात डांबरी रस्त्यापर्यंत पोचण्यातच त्यातले किती जातात, ते तिथल्या कुणालाही विचारा. इतके करून रुग्ण इस्पितळात पोचला, सीटी झाला, आणि रात्री तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट जागेवर नसला तर? मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये भारतातलेच ३,१३,३१८ सीटी स्कॅन वापरून डोक्यातला रक्तस्राव, कवटीचा अस्थिभंग ओळखणारी प्रणाली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. असे सॉफ्टवेअर डॉक्टरची जागा घेत नाही. ‘हा स्कॅन आधी बघा’ एवढे सांगते. त्या एका वाक्याने माणूस चालत घरी जाऊ शकतो. ज्या दिवशी आमच्या तालुका रुग्णालयांत ते येईल, त्या दिवशी त्याचे स्वागत करणाऱ्यांत मी पुढे असेन.

सीटीला भाषा नसते. रक्त कोणत्याही बोलीत सारखेच दिसते. (तरीही पूर्ण सारखे नाही: २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा प्रमाण-नकाशा केला, तेव्हा पाश्चात्त्य नमुन्याच्या तुलनेत सरासरी आकारात फरक आढळला.) खरा पेच सुरू होतो तो मेंदूचा अर्थ बोलण्यातून लावायचा असतो तिथे.

गेल्या काही वर्षांत जगभर एका संशोधनाला जोर आला आहे. माणसाच्या दोन-चार मिनिटांच्या बोलण्यावरून त्याला स्मृतिभ्रंश सुरू झाला आहे का हे यंत्राने ओळखायचे. तो किती वेळा अडखळतो, शब्दांमध्ये किती थांबतो, तेच ते शब्द वापरतो का, नाम सोडून ‘ते’, ‘हे’ म्हणतो का, हे यंत्र मोजते. कल्पना उत्तम आहे. फोनवर होणारी, सुई न टोचणारी, स्वस्त तपासणी. पण यंत्र शिकले कशावर? २०२० मध्ये या विषयात संशोधकांसाठी जी मोठी स्पर्धा झाली, तिच्यात १५६ इंग्रजी भाषकांची ध्वनिमुद्रणे होती. त्या सगळ्यांनी एकाच चित्राचे वर्णन केलेले होते. चित्रात एक बाई सिंकपाशी ताटल्या पुसते आहे, नळ चालू राहिल्याने पाणी जमिनीवर सांडते आहे, मागे एक मुलगा तिवईवर चढून कपाटातल्या डब्यातली बिस्किटे काढतो आहे आणि तिवई कलंडते आहे. अमेरिकी स्वयंपाकघराचे १९७२ पासून वापरात असलेले हे चित्र. जांबोटीच्या ज्या आजीने आयुष्यभर मोरीत बसून राखेने भांडी घासली, ती या चित्राकडे पाहून थांबेल, विचार करील, ‘ही बाई काय करतेय ते…’ म्हणून गप्प होईल. यंत्राच्या लेखी ते थांबणे हा रोगाचा पुरावा.

भाषेची गोष्ट याहून खोल आहे. माझी थोरली आत्या चिकोडी तालुक्यात दिलेली. सासर कन्नड बोलणारे, माहेर मराठी, बाजार दोन्हींत. स्ट्रोकनंतर वाचा हळूहळू परत येत होती तेव्हा एक तरुण थेरपिस्ट तिला चित्रांचे पत्ते दाखवायची. मी शेजारी बसून होतो. मांजराचा पत्ता आला, आत्या म्हणाली, ‘बेक्कू.’ मुलीने बरोबरची खूण केली. पुढचा पत्ता किल्लीचा. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि ‘किल्ली’ म्हणाली. पुन्हा खूण. मग बादलीचा पत्ता आला. आत्याने हाताने पाणी ओतल्यासारखे केले, तोंड उघडले, मिटले. मुलगी म्हणाली, ‘आत्याबाई, कन्नडात सांगा, मराठीत सांगा, कसंबी चालतंय.’ आत्या हसली आणि काही वेळाने शब्द आला. त्या मुलीला दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून आत्याला तिचे गुण मिळाले. त्याच जागी नुसते मराठी ऐकणारे ॲप असते तर ‘बेक्कू’ चूक ठरले असते. नुसते कन्नड ऐकणारे असते तर ‘किल्ली’. अहवालावर आत्याचा मेंदू होता त्याहून निम्म्याने जास्त आजारी दिसला असता.

दोन भाषांत वावरणारा माणूस शब्द शोधताना किंचित जास्त वेळ घेतो, हे भाषेच्या मानसशास्त्रात जुने झाले. दोन्ही भाषांतले शब्द एकदम पुढे येतात, एकाला मागे सारावे लागते. हा विलंब निरोगी आहे. तो विलंब आणि रोगाचा विलंब यांत फरक करायचा असेल, तर आमच्याच भागातल्या निरोगी म्हाताऱ्यांचे बोलणे आधी शेकड्यांनी ऐकलेले हवे. ते कुणी ऐकलेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशासाठी भारतीय भाषांत तपासणीचा संच तयार करवला ही फार चांगली गोष्ट झाली. त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा घेतल्या गेल्या. मराठी त्यात नव्हती. मराठी उद्या येईल, पण ती पुण्या-मुंबईची असेल आणि कन्नड बेंगळुरू-म्हैसूरची. अथणीच्या माणसाला दोन्हींच्या मध्ये उभे राहावे लागेल.

आणि हाच मधला माणूस विज्ञानाला हवा आहे. २०१३ मध्ये सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार एकभाषकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला होता, आणि शाळेची पायरी न चढलेल्यांतही हा फरक टिकला होता. म्हणजे हे श्रेय शिक्षणाचे नव्हते. इतर काही देशांतल्या अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक आढळला नाही, त्यामुळे प्रश्न अजून खुला आहे. पण तो सोडवायला ज्या प्रकारची माणसे लागतात, म्हणजे भाषा पुस्तकातून न शिकता शेजारातून, सासरातून, सोमवारच्या बाजारातून शिकलेली, ती इथे गल्लोगल्ली आहेत. गम्पर्झ आणि विल्सन या भाषावैज्ञानिकांनी १९७१ मध्ये सांगलीजवळच्या कुपवाडवर लिहिलेला निबंध भाषाशास्त्रात जगभर शिकवला जातो. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहून तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की, बोलणारा जवळपास फक्त शब्द बदलत होता. असा मेंदू भाषा बदलताना आत नेमके काय करतो? चँग यांच्या स्पॅनिश-इंग्रजी रुग्णाने अर्धे उत्तर दिले असेल तर उरलेले अर्धे कृष्णा-घटप्रभेच्या काठी मिळेल. निपाणीच्या विडी कामगार बायका, गोकाकच्या गिरणीतले जुने कामगार, शहापूरचे विणकर यांना संशोधनात ‘दुर्गम भागातील गरीब रुग्ण’ म्हणून आणू नये. त्यांच्याकडे जगाला हवी असलेली गोष्ट आहे, आणि बोलणी त्याच भूमिकेवरून व्हावीत.

संमतीकडे येतो. इस्पितळात संमतीचा कागद कसा भरला जातो ते आपण सर्वांनी पाहिले आहे. चार पाने, बारीक टाइप, इंग्रजी किंवा फार तर कन्नड. ‘इथं सही करा, इथं अंगठा लावा’. रुग्णाचा पुतण्या घाईत नाव लिहितो आणि केसपेपर पुढे सरकतो. ऑपरेशनच्या वेळी ही घाई समजू शकते. संशोधनात ती समजण्यासारखी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सहभागी व्यक्तीला कळणाऱ्या भाषेतच माहिती द्यायला सांगतात. आरोग्यक्षेत्रातील एआयसाठी परिषदेने २०२३ मध्ये वेगळी तत्त्वे काढली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर स्पष्ट आहे की, संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. म्हणजे खानापूरच्या माणसाने मराठीत कागद मागितला तर तो कुणाकडे मेहेरबानी मागत नाही. १५ टक्के वा त्याहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाचे सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यावेत, ही तरतूद तर आपण जुन्या लढ्यातून पाठ केलेली आहे. ती मामलेदार कचेरीच्या बरोबरीने एमआरआयच्या खोलीच्या दाराशीही मागितली पाहिजे.

हे जमणार नाही असे कुणी म्हणू नये. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे संशोधन केंद्र माता-बालकांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांत वर्षानुवर्षे आहे. गरोदरपणात कमी मात्रेत ॲस्पिरिन दिल्यास अकाली प्रसूती घटते का, हे पाहणारी सहा देशांतली ११,९७६ बायकांची चाचणी २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली, भारतातली तिची दोन केंद्रे होती नागपूर आणि बेळगाव. अकाली प्रसूतीचे प्रमाण ११ टक्क्यांनी घटल्याचे त्यातून सिद्ध झाले. इथल्या खेड्यांतल्या बायकांनी जगाच्या औषधशास्त्राला दिलेले हे दान आहे, आणि त्याचा आपल्याच लोकांना पत्ता नाही याची मला खंत वाटते. गरोदर बाईला घरी जाऊन समजावून सांगणारी व्यवस्था इथे उभी राहू शकते, तर मेंदूच्या अभ्यासासाठीही राहील.

मेंदूची माहिती मात्र गोळीपेक्षा निसरडी आहे. ‘तुमचे नाव काढून टाकू’ असे सांगितले जाते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि साधे चेहरा-ओळख सॉफ्टवेअर लावले. ७० जण बरोबर ओळखले गेले. नाव पुसले तरी कपाळ, नाक, हनुवटी स्कॅनमध्ये राहतातच. शिवाय आज स्ट्रोकसाठी दिलेला स्कॅन उद्या दुसऱ्या मॉडेलला वय, आजाराची प्रवृत्ती, आणखी काहीबाही सांगू शकतो, जे देताना ना रुग्णाला माहीत होते ना डॉक्टरला. आपल्या कायद्याने आरोग्याच्या किंवा मेंदूच्या माहितीसाठी वेगळा, अधिक जपायचा वर्ग ठेवलेला नाही. उलट संशोधनाला काही मानकांच्या अधीन राहून सूट दिली आहे. ही सूट संशोधकांना हवीच. पण तिच्या आडून एखाद्या कंपनीचे उत्पादन घडू नये, यासाठी ‘संशोधन’ कुठे संपते ते लिहून ठेवावे लागेल.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. निपाणी-चिकोडीचा रुग्ण कोल्हापूर-मिरजेला जातो, खानापूरचा बेळगाव-हुबळीला किंवा सरळ गोव्याला. महाराष्ट्र सरकारने ८६५ सीमागावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वाद पेटला. वाद बाजूला ठेवून त्या रुग्णाच्या हातातली प्लास्टिकची पिशवी बघा: एका राज्यातली एमआरआयची फिल्म, दुसऱ्या राज्यातले डिस्चार्ज कार्ड, घराजवळच्या दवाखान्यातली चिठ्ठी. राज्यनिहाय माहिती गोळा करणाऱ्या कोणत्याही प्रकल्पात असा माणूस अर्धवट नोंद म्हणून गळतो. आणि जो नोंदीतून गळला त्याच्यासाठी मॉडेल चुकते, हे इथे दोन्ही सरकारांना एकत्र बसवून सांगायला हवे. सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर रुग्णाच्या फायलीला तरी हद्द नसावी.

मेंदूच्या माहितीचा गैरवापर ही दूरदेशीची गोष्ट आहे असे समजू नका. मेंदूतरंगांवरून गुन्ह्याची ‘अनुभवजन्य स्मृती’ ओळखतो असा दावा करणारी चाचणी आपल्याच देशात घडली. ती विकसित करणारे चंपादी रमण मुकुंदन हे बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेतले शास्त्रज्ञ. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात दोषी ठरवताना त्या चाचणीचा आधार घेतला आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी कपाळाला हात लावला. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, इच्छेविरुद्ध नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूतरंगांची चाचणी करणे हा घटनेच्या कलम २०(३) आणि २१ चा भंग आहे. खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवणाऱ्या २०१७ च्या निकालावर नाव आहे ते न्यायमूर्ती पुट्टस्वामींचे, तेही कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. मनाच्या दाराला कडी लावण्याची परंपरा या राज्याच्या नावाने सुरू झालेली आहे, आणि तिचा अभिमान मराठी माणसानेही बाळगावा.

त्या निकालानंतर यंत्रे फार पुढे गेली. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात सोळा तास गोष्टी ऐकलेल्या माणसांच्या मेंदूतून, ते काय ऐकत आहेत याचा गोषवारा काढून दाखवला. मनात दुसरेच काही आणून माणूस यंत्राला चुकवू शकत होता, आणि एकाच्या मेंदूवर शिकलेले यंत्र दुसऱ्यावर चालत नव्हते. आज तरी माणसाच्या सहकार्याशिवाय त्याचे मन वाचता येत नाही. पण कायदा यंत्राच्या आधी पोचलेला बरा. चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीचे संरक्षण थेट राज्यघटनेत घातले आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला ग्राहकाची मेंदूविषयक माहिती पुसून टाकायला लावली. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये असे कायदे केले. आपल्याकडे सेल्वीचा निकाल पोलिसांना अडवतो. मालकाला, विमा कंपनीला, शाळेला नाही. चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्याला लक्ष मोजणाऱ्या पट्ट्या बांधल्या होत्या. २०१९ मध्ये पालकांच्या संतापानंतर त्या काढाव्या लागल्या. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रात्रपाळीच्या कामगाराला उद्या ‘डुलकी ओळखणारी’ टोपी दिली तर तो नाही म्हणू शकेल का? सुरक्षेसाठी ती चांगलीही असेल. पण तिच्यातली नोंद पगाराच्या वहीपर्यंत जाऊ नये, हे कायद्याने सांगावे लागेल, कारण कंत्राटी कामगाराची संमती ही संमती नसते.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील: इथे मेंदूच्या डॉक्टरसाठी तालुक्याहून गाडी करून जावे लागते, आणि तुम्ही बोलीभाषेचे काय घेऊन बसलात? आधी सोय तर होऊ द्या. या आक्षेपाचा मला राग येत नाही, तो भोगलेल्या माणसाचा आहे. पण चुकीची मोजपट्टी ही सोय नव्हे. निरोगी आजीला स्मृतिभ्रंश ठरवले तर तिच्या हातातला व्यवहार जातो, घरातले तिचे म्हणणे जाते, कधी जमिनीच्या कागदावरचा तिचा शब्दही जातो. आणि खरोखर आजारी असलेल्याला ‘हे असंच बोलतात तिकडे’ म्हणून परत पाठवले तर त्याची औषधाची वेळ जाते. दुसरे काही जण म्हणतील, इतक्या थोड्या लोकांसाठी वेगळे मॉडेल कोण करणार? वेगळे नकोच आहे. एकाच बोलण्यात दोन भाषा स्वीकारणारे मॉडेल हवे, आणि ते झाले तर सोलापूर, बिदर, कारवार, कासरगोड, अदिलाबाद सगळीकडे चालेल.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. कर्नाटकच्या संस्थांच्या प्रकल्पात आपण माहिती का द्यायची? मी सीमाप्रश्नाच्या सभांत वाढलो आणि ही भावना मला आतून कळते. तरीही माझे उत्तर ठाम आहे: द्यायची. निम्हान्सच्या मदतीने राज्यात मेंदू-आरोग्याचा उपक्रम २०२२ पासून चालू आहे, धारवाडची मानसिक आरोग्य संस्था तासा-दीड तासावर आहे. आपण बाहेर राहिलो तर तिथल्या मोजपट्टीत मराठी बोलणारा माणूस नसेल, आणि ती मोजपट्टी मात्र आपल्याच आईबापांना लावली जाईल. फलकावरच्या मराठीसाठी आपण लाठ्या खाल्ल्या. ते लढणे योग्यच होते. रुग्णालयातल्या मराठीसाठी तेवढ्याच चिकाटीने अर्ज करावे लागतील, आणि शेजारच्या कन्नड घरालाही त्या अर्जावर सही करायला सांगावे, कारण त्यांची उत्तरेकडची कन्नडही बेंगळुरूच्या यंत्राला पुरती समजणार नाही.

काम कुठून सुरू करावे हेही सांगतो. मद्रास आयआयटीचा एआय फोर भारत गट सर्व २२ अनुसूचित भाषांचे आवाज गोळा करतो, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ‘वाणी’ प्रकल्प जिल्हानिहाय. या साठ्यांना जोड हवी ती वयस्कांच्या बोलण्याची आणि स्ट्रोकनंतरच्या बोलण्याची. राणी चन्नम्मा विद्यापीठाचे मराठी व कन्नड विभाग, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठातले संगणक अभियंते आणि शहरातली वैद्यकीय महाविद्यालये हे सगळे बेळगावातच आहेत. एकत्र बसायला कुणाला बेंगळुरू गाठायची गरज नाही. साठीपुढच्या निरोगी माणसांचे बोलणे त्यांच्या घरी, त्यांच्या विषयांवर ध्वनिमुद्रित करावे: पेरणी, लग्न, यल्लम्माची जत्रा, ऊसतोड. सिंकपाशी उभ्या बाईच्या चित्राऐवजी विहिरीचे, बाजाराचे चित्र काढून घ्यावे. ध्वनिमुद्रणाचा ताबा एका समितीकडे असावा, तिच्यात निम्मे तरी डॉक्टर नसलेले लोक असावेत, आणि दिलेले बोलणे केव्हाही परत घेण्याचा हक्क पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत असावा. निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात जातील त्याच महिन्यात ते ग्रामपंचायतीत वाचून दाखवावेत. सुरुवात खानापूर आणि अथणी या दोन टोकांपासून करावी. एकीकडे कोकणीचा शेजार, दुसरीकडे विजापूरकडची कन्नड. ही दोन टोके ज्या मॉडेलला समजली, त्याला मधले हुक्केरी आणि चिकोडी अवघड जाणार नाहीत.